हळदीवरचा उजेड

५ जाने., सोम.
आले: फोकस दिवे १८, दर ३२०. दिवे ज्यावर सरकवतात त्या पट्ट्या ४, दर ४५०. वायर २ बंडलं, २,३००. टेम्पो ३००. अडीचशेवर आला असता, पण हे मध्येच "असू दे गं" म्हणाले. दिवे-पट्ट्या जनूभाऊंची देणगी. वायर न टेम्पो महिला मंडळाचे.

जनूभाऊंनी दापोड्याच्या गोदामातला एक गाळा गावच्या संग्रहालयाला दिलाय. "शेती तं गेली, वहिनी. आता नांगर दाखवायला तरी जागा नको का?" माणूस मोठ्या आवाजाचा, पण हात सढळ. प्लायच्या भिंती घालून तीन खोल्या: शेती, खाडी, लग्न. शिवरात्रीला उद्घाटन. कुठली वस्तू कुठे, कुठला दिवा कशावर, ते माझ्याकडे. का, तर माझी वही चोख असते. असतेच.

८ जाने., गुरु.
वन्सं पेणहून स्वतः येऊन लुगडं देऊन गेल्या. सासूबाईंचं, लग्नातल्या हळदीचं, घरीच हळदीत रंगवलेलं. साठ वर्षं ट्रंकेत. घडी उलगडली तर काल रंगवल्यासारखं. वन्संना ऐकू येतच नाही म्हटलं तरी चालेल, आता डोळ्यांतही मोतीबिंदू. लुगड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आयचं येवढंच राहिलंय. पिवळं न्हाय जायला पाहिजे, सुमन."
मी कागदावर जाड अक्षरात लिहून दाखवलं: माझी जबाबदारी.
कागद घडी करून कनवटीला लावला त्यांनी.

९ जाने.
निजामपुऱ्याहून सलीमभाई आले, वायरिंग पुरं. लुगड्याच्या काचपेटीवर चार फोकस. जनूभाऊ खाली खुर्ची टाकून, "अजून एक मार! आपलं काय चोरीचं हाय?" सलीमभाई शिडीवरून, "सेठ, इतने में तो दुल्हन भी पिघल जाएगी." सगळे हसले. मीही.
दिवे लागले आणि लुगडं असं झळकलं की आपोआप हात जोडले गेले. देवा, तुझी कृपा.
फक्त काचेत लुगड्याआधी माझंच तोंड दिसतं.

१० जाने., शनि.
ह्यांना घेऊन गेले. तीस वर्षं लूमवर कापड तपासण्यात गेली ह्यांची. एक नजर टाकून म्हणाले, "समोरून लाईट मारली की कापड मुकं होतं. बाजूने तिरपी मार, मग धागा न् धागा मोजून घे." सलीमभाईंनी दोन दिवे बाजूला सरकवले. माझं तोंड काचेतून गेलं, वीण वर आली. पदराचा काठ हातविणीचा आहे हे तेव्हा कळलं.
हे परत येताना रिक्षात बराच वेळ खुशीत. मी कौतुक केलं नाही. डोक्यावर चढतं.

२७ जाने., मंगळ.
लुगड्यावरची नावाची चिठ्ठी वाकडी वाटली म्हणून उचलली. खाली चिठ्ठीएवढा चौकोन. गडद पिवळा. बाजूचं सगळं फिकं.
वाटलं चिठ्ठीचा रंग लागला. कोरड्या बोटाने पुसून पाहिलं. नाही. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर खालचा रंग दिसतो, तसं.
अठरा दिवस. सुतार-रंगारी कामाला, म्हणून दिवे सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. शिवाय छताला उजेडासाठी घातलेला तो पारदर्शक पत्रा. तीननंतर ऊन सरळ पेटीवर.
जन्मभर हळदीचे डाग उन्हात घालून घालवले. सुनेला शिकवलं, घासू नको, ऊन दाखव, आपोआप जातो. आणि हळदीचं लुगडं मीच उजेडात मांडलं. हातही जोडले.
दिवे बंद केले. पेटीवर गोधडी टाकून आले.

२८ जाने.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अक्काला दिसणार आहे का आता फरक?"
"मला दिसतोय."
हे उठले. चहा स्वतः केला. साखर दुप्पट.

२९ जाने., गुरु. एकादशी.
महादेवाच्या देवळात गेले. बाहेर रणरण ऊन, मग मंडप, मग गाभारा. आधी काहीच दिसत नाही. मग पिंड. मग बेल. मग बेलाच्या पानावरचा थेंबसुद्धा. आणि उजेड किती? एका निरांजनाचा.
म्हणजे दिवा वाढवायचा नाहीच. माणसाला उन्हातून हळूहळू आत आणायचं. मंडप हवा. तीन खोल्या आहेतच की.
देवाने सरळ सांगितलं. मी अठरा दिवस दुसरीकडे बघत होते.
वरई, दाण्याची आमटी.

३० जाने., शुक्र.
सलीमभाईंना सगळं नव्याने सांगितलं. पहिल्या खोलीत, नांगर-कोयता-कणगी, उजेड भरपूर. लोखंडाला लाकडाला काय होतंय. खाडीच्या खोलीत निम्मा. जाळी तिरप्या दिव्यात, मागच्या भिंतीवर सावली पडू दे, छान दिसते. लग्नाच्या खोलीत फक्त दोन दिवे, तेही लांबून आणि पिवळसर. पांढऱ्या दिव्यात हळद कावीळ झाल्यासारखी दिसते, हे आधीच खटकलं होतं, पण फुकटचे दिवे म्हणून गप्प बसले. पत्र्याखाली ह्यांनी लूमवरून आणलेलं रिजेक्ट कापड, दुहेरी. खर्च शून्य.
"भाभी, कितना कम करूं? नंबर बोलो."
नंबर मला काय माहीत. एक दोरा हळदीत, एक कुंकवात बुडवून पेटीत ठेवले. म्हटलं, दिवे पट्टीवर मागे सरकवत उजेड कमी करत जा, दोन्ही वेगळे ओळखू येतात तोवर. त्याच्या एक पायरी वर थांबा. थांबले तिथे पट्टीवर खडूने खूण. शिवाय जिन्यात असतं तसं बटण बसवणार, दाबलं की दोन मिनिटं, मग आपोआप बंद. बघणारं कोणी नसेल तर लुगड्याने कशाला जागं राहायचं?
सलीमभाई म्हणाले, "आप तो इंजीनियर निकलीं." म्हटलं, मॅट्रिक. तेही पहिल्या खेपेला.

२ फेब्रु., सोम.
जनूभाऊ आले. थेट उन्हातून लग्नाच्या खोलीत. "काय गो वहिनी, भुतांचं लगीन हाय का? मी दिवे दिले आन तुम्ही इझवले!"
वाद घातला नाही. म्हटलं, बाहेर चला, परत माझ्यासोबत या. शेतीच्या खोलीत बापाच्या नांगराशी ते रमलेच. खाडीच्या खोलीत बाकावर बसवलं, हातात माझी जपमाळ दिली. "एक माळ पुरी करा, मग उठा."
"मी?"
"तुम्ही."
पाच-सहा मिनिटं लागली. मध्ये एकदा फोन वाजला, त्यांनीच कापला. मग आत नेलं. बटण दाबलं.
जनूभाऊ बघत उभे. दोन मिनिटं संपून दिवा गेला. परत स्वतः दाबलं. पेटीवर वाकून, आवाज अगदी खाली आणून, "माझ्या आयचं बी असंच होतं."
जाताना म्हणाले, उरलेले दिवे देवळाला देऊ. म्हटलं, मंडपात लावा, गाभाऱ्यात नको.
बाक तिथेच राहणार. माळ मात्र घरी आणली.

४ फेब्रु.
पत्रिका छापून आल्या. मोठ्या अक्षरात 'साठ वर्षांपूर्वीचं हळदीचं लुगडं'. म्हटलं, वन्संची परवानगी नव्याने घ्यावी लागेल. त्यांना लुगड्याचं काय झालं ते माहीत नाही.
जनूभाऊ: "उद्घाटन झाल्यावर सांगा. त्या काय बघायला बसल्यात?"
म्हटलं, त्यांच्या कनवटीला माझा कागद आहे.
"आन न्हाय बोलल्या तं?"
म्हटलं, तर पेटीत रिकामा पाट ठेवीन. त्यावर तिरपा उजेड.
रागावून गेले. येतील. उजेड किती, ते मी ठरवलं आणि ते बरोबर ठरवलं. लुगडं माझं नाही, हे वेगळं.

५ फेब्रु., गुरु.
वन्संना पत्र. जाड पेनाने, एका पानावर आठ ओळींपेक्षा जास्त नाही, म्हणून सहा पानं झाली. नक्कल ठेवते:

सौ. वन्संस सुमनचा साष्टांग नमस्कार. आईंचं लुगडं माझ्या हातून उजेडात राहून फिकं झालं. चिठ्ठीखाली एक चौकोन मूळ रंगाचा आहे, तो पाहिलात की बाकीचं किती गेलं ते कळेल. तुम्हाला दिसणार नाही असं इथे काही जण म्हणतात. म्हणूनच लिहिते आहे.

आता उजेड मी कमी केला आहे. घडी घालून एक वीतच वर ठेवीन, दर महिन्याला घडी बदलीन. मग फार वर्षं टिकेल असं वाटतं. अजिबात जाणार नाही असं मात्र म्हणवत नाही. एकदा तसं लिहून दिलं होतं, ते चुकलं.

तुमच्या डोळ्यांना एवढा उजेड पुरणार नाही. तुम्ही याल त्या दिवशी पेटी उघडून लुगडं तुमच्या मांडीवर देईन, हाताने बघा.

ठेवू की ट्रंकेत घालून पाठवू, तुम्ही म्हणाल तसं. रागावलात तर तेही लिहा. माझा पत्ता घातलेलं कार्ड सोबत आहे, त्यावर ठेव किंवा पाठव एवढा एकच शब्द लिहून उलट टपालाने धाडा. शिवरात्रीला दहा दिवस आहेत. तुमचा शब्द येईपर्यंत पेटीवर गोधडी आहे आणि बटणाची वायर मी काढून ठेवली आहे.