टॅन्झीची दुसरी लस

प्रिय क्लिफर्ड,

तुझी फेरेट बरी आहे, हे आधी वाच, मग बाकीचं. अंडं खाऊन टॅन्झी आपल्या मॉरीनच्या लोकरी टोपीत झोपली आहे.

इथे शेजारच्या कुत्र्यांत डिस्टेंपरचा जीवघेणा रोग पसरलाय, म्हणून तिला लस टोचून घेतली. डॉक्टरबाईंनी थोडा वेळ तिथेच थांबायला सांगितलं. बसल्या बसल्या टॅन्झीची शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुलली. शेपटी फुलली की स्वारी खुशीत, असं तू म्हणतोस, म्हणून मी हसले. मग ती ओकली. मुंगसासारखी सशाच्या बिळात बेधडक शिरणारी ही, माझ्या हातात ओल्या मोज्यासारखी लोंबली. लस बाधली म्हणत बाईंनी धावत येऊन उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. मी नुसती टॉवेल धरून उभी होते.

दुसरी लस महिनाअखेरीस आहे. "आधी औषध देऊन टोचू, पण पुन्हा असं होणार नाही, याची हमी नाही," बाई म्हणाल्या. "आणि न टोचता डिस्टेंपर झाला, तर फेरेट वाचत नाही."

तुला विचारते म्हटल्यावर मॉरीन म्हणाली, "आई, एरवी तू बाबांना पडद्याचा रंगसुद्धा ठरवू देत नाहीस."

तिथे हॉस्पिटलात तुझा पाय कसा आहे? प्लास्टरमध्ये माझी विणायची सुई घालून खाजवू नकोस.

टोचायचं की नाही, ते तू कळव. मला ठरवता येत नाही.

तुझी,
एडिथ