राखाडी मफलर

प्रिय ठोंब्या,

चार वर्षांत तुझी तीन पत्रं, त्यातली दोन नुसती हवापाण्याची. असू दे. माझे गुडघे कुरकुरतात, आईला कमी ऐकू येतं आणि समोरचं दुकान शिंपीकाकांचा खून झाल्यापासून बंदच आहे.

माझी नोकरी तीच, पोलीस ठाण्यातली मुद्देमाल खोली. पुराव्याच्या वस्तूंना चिठ्ठ्या लावायच्या आणि धुळीत शिंकायचं. फरक एवढाच, की आता नव्या इन्स्पेक्टरबाई आल्यात. काका गेले तेव्हा एकेका तपासनिसाच्या गळ्यात बारा-बारा खून होते; पहिले दोन दिवस, खरे मोलाचे, कागद रंगवण्यातच गेले. बाईंनी भांडून माणसं वाढवून घेतली. आता एकाकडे तीनच. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण बाई चिवट निघाल्या. त्यांचं म्हणणं, रक्ताच्या तपासण्या, कॅमेरे सगळं हवंच, पण बहुतेक खून उकलतात ते कुणीतरी तोंड उघडतं म्हणून, आणि माणूस तोंड उघडतो ते विश्वास बसल्यावर. दर रविवारी बाई शिंपीकाकूंकडे जातात. काही विचारत नाहीत, बसून जुनी बटणं निवडू लागतात. साक्षीदाराला धोका असेल तर दुसऱ्या गावी राहायची सोय करतात. दोघांची केलेली मी स्वतः पाहिली आहे, उगाच सांगत नाही.

आठवतं, मी पहिल्यांदा विणायला घेतलं आणि एका टोकाला टाके गळाले? तो वाकडा मफलर तू दोन हिवाळे मिरवलास. आई म्हणायची, उसवून नीट कर. तू कुणाला हात लावू दिला नाहीस. गाढवा, तेव्हापासून तुला सात खून माफ होते. बघ, काय लिहून गेले.

तोच मफलर काकांच्या मांडीला बांधलेला होता. घट्ट, दोन गाठी मारून. नोंद मीच केली: राखाडी मफलर, एक. कुणाचा, ते मात्र लिहिलं नाही. त्याच आठवड्यात तू गाव सोडलंस आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. मारणारा जखम बांधत बसत नाही, एवढं मला कळतं. तू मारेकऱ्याला पाहिलंस आणि घाबरलास. मीही घाबरले, तुझ्यासाठी. पण माझ्या त्या गप्प बसण्याने तो चार वर्षं मोकळा फिरतोय. लाज वाटते रे मला.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली. त्याआधी तू ये, म्हणजे तुझं तू सांगशील. मी स्टेशनवर येईन, ठाण्यात तुझ्या शेजारी बसेन. पण आधी काकूंकडे जाऊ. गाठी कुणी मारल्या ते त्यांना ठाऊक नाही. डॉक्टरांनी मात्र सांगितलंय, की कुणीतरी बराच वेळ जखम दाबून धरली होती. काकूंना त्या माणसाला एकच विचारायचंय: शेवटी ते काही बोलले का.

वाट बघणारी, तुझीच
ताई