टॉवरचं पाणी मी पिलं न्हाई

माय, मी सही केली न्हाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझा जीव टांगणीला लागायचा न्हाई. तू असतीस तर आत्ता कपाळाला हात लावून बसली असतीस. "काय बाई ही पोरगी, वरच्या माणसाशी कुणी असं वागतं का?" वागतं. मी वागले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा वागीन.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या नोकरीतलं तुला काहीच ठाऊक न्हाई. हिंगोलीबाहेर, जिथं आपण सोयाबीन काढायला जायचो त्या बाजूला, आता मोठं कॉलेज झालंय. पोरींचं होस्टेल, सभागृह, कॉम्प्युटरच्या खोल्या. त्या सगळ्या आवारातली वीज, पाणी आणि यंत्रं माझ्या ताब्यात. सभागृह थंड ठेवायचं यंत्र गच्चीवर आहे. त्याला एक टॉवर असतो, म्हणजे मोठी उघडी टाकी समज. वरून पाणी पडतं, वारा लागून गार होतं आणि परत फिरत राहतं. खाली पोरींच्या आंघोळीचं पाणी तापवणारा बॉयलर. दोन्हीत पाणी बोअरचंच, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं हे मी तुला काय सांगायचं? हंडा आतून पांढरा पडतो. पण हंडा घासता येतो, माय, भिंतीतला पाइप घासता येत न्हाई. त्याच्यात थरावर थर चढत जातो. टॉवरमध्ये शेवाळ धरलं तर त्यातले जंतू तुषारांबरोबर उडून थेट पोरींच्या खिडक्यांत जातात. म्हणून त्या पाण्यात मोजून औषध टाकायचं, दर महिन्याला पाणी तपासायचं, टाकी खरवडून धुवायची. यासाठी एक ठेकेदार नेमायचा असतो. काम एवढंच आहे आणि एवढ्यासाठी हे सगळं रामायण.

मागच्या थंडीत आमचा जुना ठेकेदार नुसता चहा प्यायला यायचा. मी ओरडून ओरडून थकले, कुणी ऐकलं न्हाई. शेवटी बॉयलरची झडप क्षारानं जाम झाली, बाथरूममधला एक सांधा सुटला आणि बादलीपाशी बसलेल्या पोरीच्या हातावर उकळतं पाणी आलं. सेनगावकडची पोरगी. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. तिच्या बापानं जीप करून तिला नेलं, तेव्हा तो मला शिवी देईल म्हणून मी समोर जाऊन उभी राहिले होते. त्यानं शिवी दिली न्हाई. नुसतं विचारलं, "मॅडम, तुमी होतात ना इथं?" त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर यंदा ठेकेदार बदलायचं ठरलं. दोघं आले. पहिला नांदेडचा, तोंडावरची माशी हलेना असा माणूस. गच्चीवर चढला, टाकीच्या कडेचा गाळ नखानं खरवडून वास घेतला, बाटल्यांत पाणी भरलं, आणि म्हणाला, "तपासून आल्याबिगर मी काही बोलत न्हाई." चहासुद्धा घेतला न्हाई. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "हा काय माणूस आहे? हसत पण न्हाई." दुसरा अध्यक्षांच्या साडूचा मुलगा. कडक इस्त्री, अत्तराचा वास, बरोबर स्टीलची बादली आणि चकचकीत ग्लास. तो काही गच्चीवर चढला न्हाई. टॉवरचं पाणी खाली मागवलं, सगळ्या कमिटीसमोर त्यात पांढरी पूड ढवळली, गाळ बसू दिला, फडक्यातून गाळलं आणि ग्लास भरून घटाघटा पिऊन टाकला. "साहेब, लोक कागदावर बोलतात, आपण पाण्यावर बोलतो!" म्हणाला. अध्यक्षांनी टाळी वाजवली. त्यांनी पण ग्लास मागवला, पिले, आणि म्हणाले, "काय गोड झालंय राव!"

मग तो ग्लास फिरायला लागला. आपल्याकडं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, तुला माहीत आहे. भावकीत बिनसलं की आधी एकमेकांच्या घरचं पाणी बंद होतं. रुसलेला पाहुणा सगळ्यात पहिल्यांदा पाण्याला न्हाई म्हणतो, आणि पाणी पिला की समजायचं, राग गेला, बोलणं मान्य. प्राचार्य पिले. अकाउंटंट पिले, त्यांना तर सकाळपासून खोकला होता. आणि मग ग्लास माझ्यापुढं आला. मी हात मागं घेतला.

"ताई, पाण्याला न्हाई म्हणू नये," अध्यक्ष म्हणाले. गोडीनंच म्हणाले.

"साहेब, हे पिता येऊन राहिलंय हीच तर तकलीफ आहे," मी म्हणाले. "गंज आन् शेवाळ मारायचं औषध ज्या पाण्यात असतं, ते कुणी तोंडाला लावत न्हाई. यांनी तुरटी फिरवली. टॉवरला काय तहान लागली न्हाई."

सगळे हसले, माय. तुला वाटेल, ते वरमले असतील. छे! अध्यक्ष सगळ्यात मोठ्यानं हसले. "ताई लई शिकल्या बरं का," म्हणाले, आणि त्या पोराच्या पाठीवर थाप मारून सोमवारी सही घ्या म्हणून सांगून गेले. ठेकेदाराचं काम पसंत आहे, अशी ठेक्याच्या कागदावर माझी सही लागते. बाकी कुणाचीही सही असो, यंत्राला काही झालं तर गळा या सहीवाल्याचाच धरतात.

घरी आले आणि मला तुझा इतका राग आला की बस. तुझाच. अध्यक्षांचा नंतर आला.

शाळेच्या होस्टेलात तू स्वयंपाकाला होतीस, तिथलं ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढून जात न्हाई. तू चुलीपाशी उभी आहेस, हाताला वरणाचा पळा. आमी पोरी पंगतीत बसलोय. शाळेचे सेक्रेटरी होस्टेल बघायला आलेत आणि कौतुकानं आमच्याच पंगतीला जेवायला बसलेत. ते डाळ बोटांत धरून दाबतात. डाळ टणक. "बाई, जनावरांना तरी असं घालतात का?" सगळ्या पोरी आधी तुझ्याकडं आणि मग माझ्याकडं बघतात, कारण मी तुझी पोरगी. विहीर बंद करून तो नवा बोअर जोडला तेव्हापासून डाळ शिजत नव्हती, सोडा टाकला तरी शिजत नव्हती. त्याच सकाळी तू हे होस्टेलच्या सुपरिटेंडंटला सांगून आली होतीस. ते तिथंच उभे होते आणि स्वतःच्या चपलांकडं बघून राहिले होते. आणि तू पदर सारखा करून काय म्हणालीस? "चुकलं माझं, साहेब."

नंतर मी तुला विचारलं, "काहून म्हणलीस तसं? पाणी खराब आहे म्हणून काहून सांगितलं न्हाईस?" तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. "तोंड मिटून जेव. तुला धाव्वीपर्यंत इथंच शिकायचंय का न्हाई?" एवढंच बोललीस आणि परात घासायला बसलीस.

मला कळतं, माय. मी काय दगड न्हाई. तू वाकलीस म्हणून माझं शिक्षण झालं, हे मला बराबर कबूल आहे. पण म्हणून मी पण वाकायचं, हे मला कबूल न्हाई. तू चुकली नव्हतीस. चूक नसताना चूक पदरात घेणं याला लोक सोशीकपणा म्हणतात, तुझ्या माघारी तर तुझं फार कौतुक झालं, किती गरीब बाई, कधी उलटून बोलली न्हाई. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या पंगतीतल्या पोरींनी कच्ची डाळ किती दिवस गिळली, हे कुणी बोललं न्हाई.

डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा तू हिंगोलीच्या बाजारातून माझ्यासाठी कामाचे बूट आणलेस. आडमाप, पुढून चवडा भरायला कापूस कोंबावा लागायचा. दुकानदारानं विचारलं, पोरासाठी का? तर तू म्हणालीस, व्हय, पोरासाठीच. घरी येऊन हे मला हसत हसत सांगितलंस. मी पण हसले तेव्हा. पण का ग? म्हणायचं ना तोंडावर, माझ्या पोरीला पाहिजेत म्हणून! तो काय बूट परत घेणार होता?

असो. शनिवारी मी बॉयलर बंद केला. नीट माणूस येईपर्यंत चालू होणार न्हाई, म्हणून सांगून टाकलं. अध्यक्षांना झोंबायच्या आधी ते पोरींनाच झोंबलं. थंडी अशी की बादलीत हात घालवत न्हाई. एक घोळका माझ्या खोलीपुढं येऊन उभा राहिला, आणि त्यात सगळ्यात पुढं कोण? ती सेनगावची पोरगी. बाही वर सरकलेली, हातावरचा डाग अजून गुलाबी. तीच मला विचारते, "मॅडम, गरम पाणी कधी येनार? आमी आजारी पडून राहिलो." मला रडू यावं का हसू, कळेना. मी म्हणाले, "बाई, तुझ्याचसाठी बंद केलाय." ती म्हणाली, "माझ्यासाठी काहून? मला तर गरम पाणी पाहिजे." बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या आणि पाय आपटत गेल्या. माघारी मला काय काय म्हणतात तेही ऐकलंय. म्हणू देत.

प्राचार्य येऊन बसले. माणूस वाईट न्हाई. "मॅडम, सही करून टाका, मग आपण त्याच्याकडून काम बराबर करून घेऊ." मी म्हणाले, "सर, तुमी ते पाणी पिलात. पोट कसं आहे?" ते उठून गेले.

सोमवारी कमिटी बसली. अध्यक्षांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "सही करा, न्हाईतर चार्ज सोडा." मी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चार्ज घ्या. पण ज्यांनी ज्यांनी ग्लास रिकामा केला, त्यातल्या कुणीतरी सही करा. पोरीचा हात भाजला तर तिचा बाप कुणाकडं येईल ते लिहून तर ठेवू." कागद प्राचार्यांकडं गेला. ते म्हणाले, मी इतिहासाचा माणूस, मला यंत्रातलं काय कळतं. अकाउंटंटना तेवढ्यात फोन आला. शेवटी अध्यक्षांनी स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, कागदाकडं बघितलं, आणि टोपण परत लावलं. साडूच्या मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग अध्यक्ष खिडकीकडं बघत म्हणाले, "नांदेडवाल्याला बोलवा." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमचं मार्चनंतर बघू." मी म्हणाले, "बघा." चाव्या उचलल्या आणि बाहेर आले.

आज तो न हसणारा माणूस सकाळपासून टॉवरमध्ये उतरलाय. बॉयलर उघडून ठेवलाय. पोरी अजून गार पाण्यानंच आंघोळ करतात आणि मला शिव्या देतात. मार्चनंतर मी कुठं असेन, ठाऊक न्हाई. ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकायला बसवतील किंवा घरी. बसवू देत, मला त्याची भीती वाटत न्हाई.

ही चिठ्ठी मी लिहून काढली, पण घरात ठेवायची न्हाई, कुणाला दाखवायची न्हाई. आणि तुला पोचायची तर बातच सोड. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी तुझ्या तोंडावर कधी बोलले नसते. कागद पुढं आला तेव्हा मी एकदा दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं, आणि माय, मला बरं वाटलं. तू असतीस, तिथं उभी राहून नुसतं माझ्याकडं बघितलं असतंस, तर मी सही केली असती.