कळंब्याचा बंगला का विकला जात नाही

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २००५

संयोगितास सप्रेम जय भीम.

आजवर तुला लिहिताना मी 'नमस्कार' लिहीत आले. या वेळी हेच लिहावंसं वाटलं.

तुझं दोन तारखेचं पत्र पोचलं. तुझ्या यशराजरावांची बदली टळली हे बरं झालं. इकडं आईचे गुडघे धरलेत, पण जिना चढते. माझं ऑफिस आता स्टँडजवळ आहे, बाहेर माझ्या नावाचा बोर्ड आहे. तू आलीस तर विचारत बसावं लागणार नाही.

तू विचारलंयस, "चौदा महिने झाले, आण्णांचा बंगला विकला का जात नाही? कळंब्याला मार्केटच नाही का?"

मार्केटचं सांगते, पोट त्यावरच आहे. राजारामपुरीत बोर्ड लिहून होईपर्यंत घर गेलेलं असतं. कसबा बावड्यात दीड-दोन महिने धरायचे, आणि तिथलं घर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत दाखवायचं. एकदा मळीचा वास सुटला की नवखं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावूनच माघारी फिरतं. कळंब्याला पूर्वी वर्षसुद्धा लागायचं. जेलचं नाव काढलं की बायका नको म्हणायच्या. पण यंदाच्या पुरानंतर नदीकडची माणसं उंचावरची जागा शोधत तिकडंच येतात. तुझ्या बंगल्याच्या मागच्या गल्लीतलं घर, ज्याला धड गॅलरीसुद्धा नाही, सप्टेंबरात बारा दिवसांत गेलं. मीच विकलं.

तेव्हा मार्केट आहे. तुझा बंगला मी विकू दिला नाही.

वाचलंस ना? आता पुढचं वाच.

१९९३ साली आपण एफ.वाय.ला होतो. तुझ्या वडिलांना, आण्णांना, बावड्यातलं जुनं घर विकायचं होतं, आणि पप्पांना रिटायर व्हायच्या आत सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. पप्पा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. जन्मभर धरणांचे नकाशे काढले. त्यांना घर आवडलं. आण्णांना जाधवसाहेब आवडले. शब्द झाला. आण्णा स्वतः नृसिंहवाडीला जाऊन पेढे घेऊन आले आणि पप्पांच्या हातावर ठेवले. "साहेब, आजपास्नं घर तुमचं हाय."

पुढचे आठ दिवस पप्पा टेप घेऊन तिथं जात होते. क्वार्टरच्या टेबलावर त्यांनी त्या घराचा नकाशा काढला. आजीची कॉट खिडकीशी, माझं टेबल पूर्वेच्या भिंतीला, आईला ओट्याची उंची दोन इंच कमी. शाईनं काढला होता गं. पेन्सिलनं नाही.

आमचं आडनाव जाधव, पप्पांचं नाव बाबासो. आण्णांनी आम्हाला आपल्यातलंच धरलं. त्यांनी विचारलं नाही, पप्पांनी मुद्दाम सांगितलं नाही. लपवलंही नव्हतं. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि ते तुझ्या घरच्यांपैकी फक्त तू बघितले होतेस. आमच्याकडं जेवताना त्याच भिंतीला पाठ लावून बसायचीस.

नवव्या दिवशी आण्णा आले. आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "साहेब, घर द्यायचं न्हाय आता. भावकी ऐकंना. आमच्या संयोगितानं सांगितलं म्हणून कळालं. आधी बोलायचं न्हाय व्हय तुमी?"

पप्पा म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तू खाली स्कूटरवर बसली होतीस. मी गॅलरीतून बघत होते. तू आरशात बघून केस सारखे केलेस. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझ्याकडं इकॉनॉमिक्सच्या नोट्स मागितल्यास, आणि मी दिल्या. त्या दिल्या याचा राग मला अजून आहे.

ते घर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला गेलं. पप्पांनी नंतर एकही घर बघितलं नाही. "राहू दे गं, भाड्याचंच बरं," म्हणायचे. ९९ साली गेले, ते भाड्याच्या दोन खोल्यांतच. मी या धंद्यात का आले, असं तू मागं एकदा हसत विचारलं होतंस. यासाठी आले.

मग गेल्या वर्षी आण्णा वारले. तू किल्ली घेऊन माझ्याकडं आलीस. "निशा, तू घरचीच, तुझ्याशिवाय कुणाला देणार?" त्या जुन्या गोष्टीचा चकार शब्द नाही. तुला आठवतच नव्हती. ती आठवत असती तर कदाचित मी तुझा बंगला महिन्यात विकून दिला असता.

एकूण पाच गिऱ्हाइकं आली. मी त्यांच्या कानात एवढंच सांगितलं की कागदांत भावकीचा घोळ आहे. त्यानंतर कुणी दुसऱ्यांदा फोन करत नाही. बंगल्याचे पैसे न आल्यानं पुण्यातल्या फ्लॅटचं बुकिंग गेलं, अजून सासूबाईंच्या दोन खोल्यांतच कोंडून राहावं लागतंय, असं तू लिहिलंस. ते वाचून मी चहा टाकला आणि निवांत बसून प्याले. चव लागली.

इथंच सही करणार होते. पण सहावं गिऱ्हाईक मी मोजलं नाही.

दसऱ्यानंतर एक जोडपं आलं. नागसेन आणि शिवानी. तो बँकेत, ती नर्स. तिनं स्वयंपाकघरातला प्रत्येक नळ सोडून बघितला. नागसेन गच्चीवर गेल्यावर हळूच मला म्हणाली, "ताई, शेजारी कसे आहेत? म्हणजे आम्हाला चालवून घेतील ना?"

मी तिला सांगू शकले असते की मी कोण. भावकीचं कारण तोंडावर होतं, पण ते आलं नाही. मी म्हणाले, "मालकीणबाईंना घर द्यायचं नाही आता."

तिनं कारण विचारलं नाही. नळ घट्ट बंद केला आणि नवऱ्याला हाक मारली, "चला हो, खाली या."

दुसऱ्या दिवशी मी पत्ता काढून त्यांच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं. तुझं, पप्पांचं, माझं. शिवानीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "तुमचं वैर तुमी निस्तरायचं होतं. आमी काय केलंतं तुमचं? काल घरी आल्यापास्नं हे जेवलं न्हाईत." मी म्हणाले, बंगला तुम्हालाच मिळवून देते. ती म्हणाली, "त्या घरात पाऊल टाकायचं न्हाय मला." त्यांनी दुसऱ्या एजंटाकडून बावड्यात अकरा दिवसांत फ्लॅट घेतला. रस्त्यात दिसली तर मान फिरवते. बरोबर करते.

तिच्यापुढं मी खाली मान घालते. तुझ्यापुढं नाही. तुझे चौदा महिने गेले, त्यातल्या एका दिवसाचंही मला वाईट वाटत नाही. पप्पांची सहा वर्षं गेली.

किल्ली आणि कागद रजिस्टरनं वेगळे पाठवलेत. कागद स्वच्छ आहेत, कुणालाही दे, पंधरा दिवसांत जाईल.

यशराजराव मात्र दर रविवारी फोन करून मला 'ताई' म्हणायचे, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलत होते. त्यांचा यात काही दोष नाही, आणि बुकिंग कशानं गेलं हे कळायचा त्यांना हक्क आहे. म्हणून याच पत्राची झेरॉक्स त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर आजच टाकली. तुझ्याआधी पोचेल. ते विचारतील तेव्हा तू त्यांना काय सांगतेस, ते मला कळवू नकोस.

तुझ्या घरची नसलेली,
निशा बाबासो जाधव