गुरुवारचा भोंगा

कारेगाव, रविवार

प्रिय शॅरनताई,

सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. दोन ओळी लिहितो, उठतो, दारापर्यंत जाऊन येतो. जीव थाऱ्यावर नाही. फोनवर तू पप्पांची तब्येत सांगतेस, जेवलास का विचारतेस आणि माझा धीरच सुटतो. त्या गुरुवारचं तुला सांगायचंय. पाच आठवडे टाळतोय.

माझं भोंग्यांचं वेड तुला माहीतच आहे. पप्पा रेल्वेत होते तेव्हा दौंडचा भोंगा वाजला की तू कानात बोटं घालायचीस आन् मी अंगणात पळायचो. ती खोड गेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहाला इथल्या एका कंपनीच्या भोंग्याची टेस्ट असते. खोलीमागच्या माळावर उभा राहून मी ती फोनवर रेकॉर्ड करतो. तारीख, वारा, किती सेकंद, सगळं वहीत. तू म्हणायचीस, नसते उद्योग. दाजी हसायचे, लोक पाखरांचे आवाज जमवतात, आमचा मेव्हणा बोंबा जमवतो.

टेस्टचा सूर सरळ असतो. गॅस सुटण्यासारखा खरा धोका असला तर वरखाली, रडल्यासारखा. तो मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. त्या गुरुवारी मला सेकंड शिफ्ट होती, पप्पा तेव्हा माझ्याकडंच राहायचे, आत पेपर वाचत होते. भोंगा सुरू झाला आणि पहिल्याच हेलकाव्याला कळलं, ही टेस्ट नव्हे. ताई, खोटं कशाला बोलू, मला भीती नाही वाटली. आनंद झाला! पप्पांना हाकही न मारता माळावर पळालो. वारा कंपनीकडून आपल्या खोलीकडं होता, तेही मी बघितलं, वहीसाठी. पाच मिनिटं हात न हलवता उभा होतो. मग वास आला, डोळे चुरचुरले, तेव्हा कुठं पप्पा आठवले. आलो तर ते उंबऱ्यात पडलेले, हातात फोन.

त्यांनी मला चारदा लावला, मग तुला. तू दौंडहून मला नऊदा. दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, बॅटरी बसली होती म्हणालो. बॅटरी बसली नव्हती. मध्येच रिंग वाजून रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून मी दर वेळी फोन फ्लाइट मोडवर टाकतो. त्या दिवशीही टाकला.

ते रेकॉर्डिंग पुसायला जातो आणि पुसवत नाही. चर्चमध्ये पाळकसाहेब पप्पांसाठी प्रार्थना करतात तेव्हा माझे डोळे मिटत नाहीत.

काल पप्पांशी बोलताना मागून तुझा आवाज आला. तू दाजींना बोलत होतीस, तुमच्या भंगार फोनपायी माझ्या बापाची छाती गेली म्हणून. त्यांनीच मला दिलेला जुना फोन, खरंय. दवाखान्यातून पप्पांना दौंडला नेल्यापासून तो भला माणूस त्यांचं ऑक्सिजनचं मशीन सांभाळतो आणि तुझे टोमणे खातो, माझ्या पापाचे. फोन धडधाकट आहे ताई, चार्जिंग दिवसभर टिकतं. हे पत्र दाजींसमोर मोठ्यानं वाच. पप्पांना मी पुढच्या रविवारी येऊन स्वतः सांगीन. ते लगेच माफ करतील, त्याचीच धास्ती वाटते. तू एवढ्यात करू नकोस.

तुझाच,
एबनेझर