क्लेममामाचं नाव

१९ जुलै
नदीकाठ, घरून

प्रिय वाल्मे मावशी,

पायांची सूज उतरली का? रक्त शुद्ध करायच्या यंत्राला तू ‘तो हावरट’ म्हणतेस, असं नर्सने फोनवर सांगितलं. हसू आलं. इथे यंदाचा हिवाळा कडक आहे. डेसदादाने काल ईल मासे धुरावर भाजले, तुझ्या वाटचे बाजूला ठेवलेत. तुझा कुत्रा जेवतो माझ्याकडे आणि झोपायला जातो तुझ्या दारात.

तू माझा फोन घेत नाहीस. म्हणजे सरकारशी होणाऱ्या आपल्या कराराच्या सभेचा कार्यक्रम रेडिओवर ऐकलास.

सगळं ठीक झालं, असंच लिहायचं ठरवलं होतं मी. मंत्री आले होते, पोरांनी अंगाला गेरू फासून नाच केला, गोरे लोकसुद्धा रडले. स्वागताचे शब्द मी आपल्या भाषेत म्हटले, तू तोंडी पाठ करून घेतलेस तसेच. आधी नदीला हाक, मग जुन्या माणसांना.

आणि तिथेच थांबले. शेवटचा भाग, क्लेममामाचा, म्हटलाच नाही.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी सरकारी बाई त्या दिवशी सकाळी चहा घेऊन आली होती. गोड बोलणारी. म्हणाली, “शेवटचा भाग जरा जड होतो का? आज आनंदाचा दिवस आहे. अर्थात, तुम्ही म्हणाल तसं.” मावशी, तिने जबरदस्ती केली असती तर मी भांडले असते. तिने विचारलं, आणि मला बरं वाटलं. सगळ्यांसमोर तुझ्या धाकट्या भावाला लहानपणी सरकारी गाडीत कसं कोंबून नेलं, हे म्हणताना मला रडू फुटलं असतं. मला त्या दिवशी छान दिसायचं होतं. हेच खरं कारण.

नंतर डेसदादा जवळ आला. “क्लेममामा कुठे गेला?”

“वेळ कमी होता रे.”

“वेळ?” तो हसला, पण ते हसणं मला बघवेना. “अगं, मेलेल्याचं नाव आपण घेत नाही. मामा मेला असं कुणी आपल्याला कधी कळवलं नाही, म्हणून मावशी आजवर त्याचं नाव मोठ्याने घेत आली. तू आज सरकारासमोर गप्प बसलीस. त्यांनी नुसतं नेलं होतं गं. त्याला पुरलंस तू.”



सोमवारी वस्तीच्या बैठकीत करारावरच्या सह्यांची तारीख पक्की होणार होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मी स्वागत अर्धवट म्हटलंय. ते पूर्ण झाल्याशिवाय सह्या नकोत.” म्हातारे मर्व्हकाका केवढे भडकले! “पोरी, माझा बाप या कराराची वाट बघत गेला. तुझ्या मनाला टोचणी लागली म्हणून मीही तसाच जाऊ?” त्यांचंही खोटं नव्हतं. सरकारी बाई म्हणाली, मंत्र्यांना पुन्हा बोलावणं अवघड आहे. तेव्हा मात्र मर्व्हकाका तिच्याकडे वळले, “बाई, आमच्या पोरांना न्यायला बरे वेळेवर यायचात तुम्ही लोक.”

सह्या पुढे गेल्या. निम्मी वस्ती माझ्याशी बोलत नाही. स्वागताचा मानही माझ्याकडून काढून घेतला, आणि ते बरोबरच झालं. ते शब्द आता तू म्हणावेस, असं सभेने ठरवलंय. डॉक्टर हो म्हणाले तर डेसदादा गाडी घेऊन येईल. नाही म्हणाले तर सभा तुझ्या खाटेजवळ भरेल, मंत्र्यांसकट. हे मर्व्हकाकांचे शब्द.

मी येऊ का, हे विचारायचा धीर होत नाही. आले तर दाराबाहेर उभी राहीन. तिथूनही ऐकू येईल.

आई गेल्यावर तू म्हणाली होतीस, आईची बहीण म्हणजे आईच, मावशी हे फक्त गोऱ्यांना सांगण्यापुरतं. तरी या पत्रात मी तुला मावशीच लिहिलंय. आई म्हणायची परवानगी आता तूच दे.

नोलीन