जलनेतीला लेकराचं बोंडलं

अहो,

ऋतू बदलला की जलनेती करता, खुशाल करा. पण नाकात पाणी ओतायला नातवाचं गुटी पाजायचं बोंडलं काहून घेतलं? आज मोरीत तुमच्या हातात पाहिलं. चोचीला शेंबूड, अन् तुमी नुसतं खळबळून परत फडताळात ठेवलं.

बोंडलं मी उकिरड्यावर फेकलं. रेवतीला अन् बाळाला घेऊन वारंगा फाट्याच्या डॉक्टरकडं चालले. त्याची सर्दी हटून न्हाई राहिली. रेवती काल रडत होती, म्हणे माझ्याच दुधात काही खोट असंल.

पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. आमी आलो की लेकीला खरं काय ते तुमीच सांगा. मला ते तोंडानं बोलायचीसुद्धा किळस येते.